बोटांनी वाचणाऱ्यांसाठी एक कपाट

तुम्ही पहिलं अक्षर कुठे पाहिलंत, आठवतंय का? "शाळेत!" असं तुम्ही चटकन म्हणाल. पण जरा थांबा, नीट आठवा. शाळेत जायच्या कितीतरी आधीपासून अक्षरं तुमच्या डोळ्यांसमोर नाचत होती. एसटीच्या कपाळावरची पाटी, बिस्किटाच्या पुड्यावरचं नाव, किराणा दुकानाचा फलक, स्टेशनवरचा तो भला मोठा पिवळा बोर्ड! ताई अभ्यासाला बसली की तुम्ही मधेच तिच्या पुस्तकात डोकं घालत होतात आणि तिच्या हातचा धपाटाही खात होतात. कुणी मुद्दाम दाखवलं नाही, तरी लोक कागदाकडे पाहून काहीतरी बोलतात, त्याला वाचणं म्हणतात, एवढं तुम्हाला तीन-चार वर्षांचे असतानाच कळलं होतं. पहिलीत आल्यावर फक्त अक्षरं शिकायची उरली होती.

आता अशा एका मुलाचा विचार करा, ज्याला जन्मापासून दिसत नाही. एसटी आली की त्याला इंजिनाची घरघर ऐकू येते, पाटी नाही. बिस्किटाचा पुडा हातात घेतला की कागद कुरकुरतो, वास येतो, पण त्यावरचं नाव बोटाला लागत नाही, कारण छापील अक्षर अगदी सपाट असतं. ताई वाचते तेव्हा त्याला वाटतं, ताई बोलतेय. म्हणजे पाहा, डोळस मुलाला अक्षर वाटेत आपोआप भेटतं. अंध मुलाला मात्र ते कुणीतरी आणून हातात द्यावं लागतं. कुणी दिलंच नाही, तर ते मूल सहा वर्षांचं होतं, शाळेत जातं आणि तोवर जगात 'लिहिलेलं' असं काही असतं याचा त्याला पत्ताच नसतो. त्याच्या वर्गातली बाकीची मुलं तेव्हा चार वर्षं पुढे गेलेली असतात!

हे अक्षर आणून द्यायचं काम कुणाचं? आई-बाबांचं, हे तर झालंच. पण आई-बाबांनी ते आणायचं कुठून? माझ्या मते त्याची सगळ्यात जवळची जागा म्हणजे गावचं सार्वजनिक वाचनालय. आज त्याविषयीच बोलू या. हा लेख तुम्ही वाचा आणि घरच्या मोठ्यांनाही वाचायला द्या.

मी गोंदिया जिल्ह्यात शिकवते. १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यापासून वेगळा झालेला हा आठ तालुक्यांचा जिल्हा. धानाच्या बांध्या, तलाव आणि जंगल यांचा. सालेकसा, देवरी, अर्जुनी मोरगाव इकडची गावं लहान आणि दूरदूर. अंध मुलांची शाळा म्हटलं, की आमच्याकडे नागपूरच्या ब्लाइंड रिलीफ असोसिएशनच्या अंध विद्यालयाचं नाव निघतं. शाळा जुनी, नावाजलेली आहे. पण गोंदियाहून नागपूर रेल्वेने सुमारे १३० किलोमीटर! आणि तीन वर्षांच्या लेकराला कोणती आई वसतिगृहात ठेवील? ते मूल अजून आजीच्या कुशीत झोपायच्या वयाचं. म्हणजे पहिली पाच-सहा वर्षं जे काही व्हायचं ते घरी आणि गावातच व्हायला हवं.

वाचनालयं मात्र आपल्याकडे जवळ आहेत. महाराष्ट्राने १९६७ साली सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा केला. आज राज्यात शासनाचं अनुदान घेणारी सुमारे ११ हजार वाचनालयं आहेत. कुठे ती ग्रामपंचायतीच्या खोलीत असतात, कुठे देवळाशेजारी. चार कपाटं, एक लांब टेबल, त्यावर वर्तमानपत्रं आणि चष्मा कपाळावर सारून बसलेले दोन-तीन आजोबा. बऱ्याच ठिकाणी एक बालविभागही असतो. हेच ठिकाण मी म्हणते आहे. त्यासाठी मोठी इमारत लागत नाही. एक कपाट पुरे.

पण कपाट कशाचं, हे समजायला आधी एका मुलाची गोष्ट ऐकायला हवी.

खिळ्यांची अक्षरं

फ्रान्समध्ये कूव्रे नावाचं एक खेडं आहे. तिथे ४ जानेवारी १८०९ रोजी लुई ब्रेलचा जन्म झाला. वडील घोड्यांचे लगाम आणि खोगिरं बनवायचे. तीन वर्षांचा लुई त्यांच्या कामाच्या जागी खेळत होता. चामड्याला भोक पाडायची आरी त्याच्या हाती लागली, ती निसटली आणि डोळ्यात गेली. जखम चिघळली, दुसऱ्या डोळ्यातही ती पसरली आणि पाच वर्षांचा होईतो लुई पूर्ण आंधळा झाला.

पुढचं सगळ्यांना माहीत असतं, की या लुईने ब्रेल लिपी शोधली. पण मधला भाग फारसा कुणी सांगत नाही आणि मला तोच मोलाचा वाटतो. त्याच्या वडिलांनी लाकडाच्या फळीवर खिळे ठोकून अक्षरं तयार केली आणि लुईची बोटं त्यांवरून फिरवली, असं सांगतात. गावच्या धर्मगुरूंनी त्याला शिकवलं. गावच्या मास्तरांनी त्याला डोळस मुलांच्या वर्गात बसू दिलं. १८१९ साली, दहा वर्षांचा असताना, तो पॅरिसच्या अंध मुलांच्या शाळेत गेला, तेव्हा अक्षर म्हणजे काय हे त्याला पक्कं ठाऊक होतं. घर, धर्मगुरू आणि मास्तर या तिघांनी मिळून पायाभरणी केली होती.

पॅरिसच्या शाळेत पुस्तकं होती, पण ती उठावाच्या अक्षरांची. म्हणजे आपलीच छापील अक्षरं कागदावर फुगवून काढलेली. पुस्तकं अवजड, आणि एकेक अक्षर चाचपायला इतका वेळ लागायचा, की ओळीच्या शेवटी येईपर्यंत ओळीची सुरुवात विसरायला व्हायची! मग चार्ल्स बार्बिए नावाच्या माजी सेनाधिकाऱ्याने टिंबांची एक लिपी शाळेत आणली. तीत बारा टिंबं होती आणि ती उच्चारावर चालायची, शुद्धलेखनाला तिच्यात जागाच नव्हती. लुईने ती घेतली, बारांची सहा टिंबं केली आणि एकेका अक्षराला एकेक खूण दिली. सहा टिंबं बोटाच्या एका टोकाखाली एकदम मावतात, हीच तर खरी गंमत! हे त्याने केलं १८२४ साली. तेव्हा त्याचं वय होतं पंधरा! आपल्याकडे या वयाची मुलं नववी-दहावीत असतात.

१८२९ साली त्याने ही लिपी छापून प्रसिद्ध केली. पण शाळेच्या मोठ्या मंडळींना ती पटायला फार वर्षं लागली. ६ जानेवारी १८५२ रोजी लुई वारला आणि त्याच्या लिपीला फ्रान्समध्ये अधिकृत मान्यता मिळाली १८५४ साली.

सहा टिंबांत मराठी

आपली भाषा या टिंबांत कशी बसते, ते पाहा. तीन-तीन टिंबांच्या दोन उभ्या रांगा कल्पनेत मांडा. डाव्या रांगेत वरून खाली १, २, ३ आणि उजव्या रांगेत ४, ५, ६. यांतली काही उठलेली, काही सपाट. अशा ६३ वेगवेगळ्या खुणा होतात. (गणितात रस असणाऱ्यांनी ६३ का, ते करून पाहावं!) १९५१ पासून भारतातल्या भाषांसाठी एकच 'भारती ब्रेल' ठरली आहे. म्हणजे मराठीतला 'क' आणि तमिळमधला 'क' बोटाला सारखाच लागतो.

'अ' म्हणजे फक्त १ नंबरचं टिंब. 'ब' म्हणजे १ आणि २. 'क' म्हणजे १ आणि ३. 'ल' म्हणजे १, २, ३. 'म' म्हणजे १, ३, ४. 'स' म्हणजे २, ३, ४. 'र' म्हणजे १, २, ३, ५. आणि 'आ' म्हणजे ३, ४, ५. काना-मात्रा वेगळ्या नसतात. 'का' लिहायचं तर आधी 'क', मग 'आ'. 'कि' लिहायचं तर 'क' आणि मग 'इ'. आपल्या छापील लिपीत ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी येते आणि पहिलीची निम्मी मुलं तिथे गडबडतात. ब्रेलमध्ये ती बिचारी आपल्या उच्चाराच्या जागीच बसते. माझ्या मते हा मुद्दा ब्रेलचा आपल्यावर विजय आहे!

घरी करून पाहायचं असेल तर अंड्यांचा पुठ्ठ्याचा ट्रे घ्या. त्यातून सहा खळगे असलेला तुकडा कापा: तीन ओळी, प्रत्येकीत दोन. आता लिंबं किंवा कागदाचे बोळे घेऊन 'क' मांडा. मग 'म' मांडा. लहान अंध मुलांची बोटं अजून बारीक टिंबं ओळखण्याइतकी तयार नसतात, तेव्हा याच खेळाने सुरुवात करतात. कागदावरच्या खऱ्या ब्रेलमध्ये दोन टिंबांतलं अंतर जेमतेम अडीच मिलिमीटर असतं.

इथे मोठी माणसं हमखास विचारतात, "अहो, आता मोबाइल आहे. तो गोष्ट वाचून दाखवतो. मग ब्रेल कशाला?" मुलांनो, तुम्हीच उत्तर द्या. 'दिन' आणि 'दीन' हे दोन शब्द मोठ्याने म्हणा. कानाला फरक कळला? नाही ना! एकाचा अर्थ दिवस आणि दुसऱ्याचा गरीब. ब्रेलमध्ये मात्र पहिल्या शब्दाच्या मध्ये २-४ ही खूण येते आणि दुसऱ्याच्या मध्ये ३-५. बोटाला लगेच कळतं. ऐकून गोष्ट मिळते, ज्ञान मिळतं, करमणूक होते आणि ते सगळं हवंच आहे. पण शब्द कसा लिहितात, स्वल्पविराम कुठे येतो, वहीत स्वतःचं नाव कसं दिसतं (बोटांना हो!), हे ऐकून मिळत नाही. डोळस मुलांना आपण म्हणतो का, की टीव्ही आहे, आता वाचायला शिकू नका?

कपाटात काय ठेवायचं?

आमच्या भागातल्या एका गावात साडेचार वर्षांची एक मुलगी आहे. तिला अजिबात दिसत नाही. तिच्यासाठी पुस्तक आणू या का, असं मी विचारलं तेव्हा तिची आजी म्हणाली, "बाई, तिले दिसतच नाही, त पुस्तक कायले?" आजी काही वाईट नाही. नातीला कडेवर घेऊन ती दिवसभर गाणी म्हणते. पण पुस्तक म्हणजे डोळ्यांची वस्तू, हे तिच्या मनात पक्कं बसलेलं. तिच्या जागी दुसरं कुणी असतं तरी हेच म्हणालं असतं. म्हणून पहिलं पुस्तक असं हवं, की ते हातात घेताच आजीचाही गैरसमज दूर व्हावा.

असं पुस्तक बनवता येतं आणि त्याला फार पैसे लागत नाहीत. जाड सुती कापडाची पाच-सहा पानं शिवायची. आपल्या भागातली गोष्ट घ्यायची, धानाचीच घेऊ. पहिल्या पानावर लहानशा कापडी खिशात धानाचं बी, खिसा चारही बाजूंनी घट्ट शिवलेला. दुसऱ्या पानावर तणसाची जुडी. तिसऱ्यावर अख्खी लोंबी, जाळीच्या कापडाखाली. चौथ्यावर कोंडा, पाचव्यावर तांदूळ. प्रत्येक पानाखाली ब्रेलमध्ये एक शब्द आणि त्याच्यावर मोठ्या ठळक अक्षरांत तोच शब्द, म्हणजे आजीला नाही तरी दादाला वाचता येईल. मूल दाणे तोंडात किंवा नाकात घालणार हे गृहीत धरूनच टाके घालावेत. मोहफुलांचं, तेंदूच्या पानांचं पुस्तकही असंच करता येईल. मोहाच्या पुस्तकाला तर वासही असेल!

एक गोष्ट मात्र टाळा. पुष्कळ जण हौसेने हत्तीचं चित्र काढून त्याच्या रेघेवर सुतळी चिकटवतात आणि म्हणतात, "घे, हात लावून बघ, हत्ती!" ज्याने हत्ती कधी पाहिला नाही त्याच्या बोटांना ती नुसती वेडीवाकडी सुतळी लागते. चित्रातली रेघ ही डोळ्यांची भाषा आहे. अंध बाळासाठी चावीच्या पानावर खरी चावी असावी, बटणाच्या पानावर खरं बटण. खरी वस्तू पानावर मावत नसेल तर पिशवी करा. गोष्टीत वाटी, चमचा, चप्पल आणि घंटा आली तर त्या चारही वस्तू एका पिशवीत घाला आणि पिशवी पुस्तकासारखीच आठवड्यासाठी घरी न्यायला द्या. गोष्ट सांगताना ज्याचं नाव येईल ती वस्तू मुलाने शोधून काढायची.

परदेशांत हे काम बरंच पुढे गेलं आहे. फ्रान्समध्ये १९९४ पासून अशी स्पर्शाची चित्रपुस्तकं बनवणारी एक संस्था आहे. तिच्या नावाचा अर्थच 'स्वप्नं पाहणारी बोटं' असा आहे. लंडनमध्ये 'क्लिअरव्हिजन' नावाचं टपालाने पुस्तकं पाठवणारं ग्रंथालय आहे. त्यांची युक्ती मला फार आवडते. ते नेहमीचंच रंगीत चित्रांचं पुस्तक घेतात आणि पानापानांत ब्रेल उठवलेला पारदर्शक प्लास्टिकचा कागद बसवतात. त्यातून खालचं चित्र आणि अक्षरंही दिसतात. म्हणजे आई डोळ्यांनी वाचते आणि मूल त्याच पानावर बोटांनी. किंवा उलट, आई अंध आणि मूल डोळस! एकच पुस्तक दोघांच्या मांडीवर. ब्रेलची पाटी आणि टोचणी असली तर जाड पारदर्शक प्लास्टिकवर आपल्यालाही हे जमतं. मात्र पाटीवर ब्रेल उजवीकडून डावीकडे आणि उलट्या खुणांनी लिहितात, कारण टिंबं कागदाच्या दुसऱ्या बाजूला उठतात. थोडा सराव लागतो. सातवी-आठवीतल्या मुलांना तो मोठ्यांपेक्षा लवकर जमतो, असा माझा अंदाज आहे.

आणि हे बेकायदेशीर वगैरे नाही. आपल्या स्वामित्वहक्क कायद्यात २०१२ साली दुरुस्ती झाली. छापील मजकूर वाचू न शकणाऱ्या दिव्यांगांसाठी, नफा न कमावता, पुस्तक ब्रेलमध्ये किंवा ध्वनिरूपात आणण्याची त्यात मुभा आहे. पुढे २०१३ साली मोरोक्कोतल्या माराकेश शहरात याच विषयावर जगाचा करार झाला. तो मंजूर करणारा पहिला देश कोणता? भारत! साल २०१४.

तयार ब्रेल पुस्तकं हवी असतील तर त्यांचीही वाट आहे. देहरादूनला दृष्टिहीनांसाठी काम करणारी राष्ट्रीय संस्था आहे. राष्ट्रीय दृष्टी दिव्यांगजन सशक्तीकरण संस्था असं तिचं आजचं लांबलचक नाव. तिथला ब्रेल छापखाना १९५१ चा. तिच्या ग्रंथालयातून पुस्तकं टपालाने घरी येतात. टपालखात्याची मोठी सवलत अशी, की अंधांसाठीचं साहित्य ७ किलोपर्यंत साध्या, म्हणजे जमिनीवरच्या मार्गाने पाठवायला तिकीटच लागत नाही. पाकीट फक्त उघडून तपासता येईल असं बांधायचं आणि वर 'अंधांसाठी साहित्य' असं लिहायचं. पोस्टमास्तरांना हा नियम नेहमी लागत नाही, त्यामुळे पाठवण्याआधी एकदा विचारून घेतलेलं बरं.

मराठीत 'स्पर्शज्ञान' नावाचं ब्रेल पाक्षिक आहे. स्वागत थोरात यांनी ते १५ फेब्रुवारी २००८ रोजी सुरू केलं. ते थोड्या मोठ्या वाचकांसाठी आहे, पण ते गावच्या वाचनालयाच्या टेबलावर बाकीच्या वर्तमानपत्रांशेजारी पडलेलं असावं असं मला वाटतं. लहान मूल आईबरोबर आलं आणि त्याचा हात सहज त्यावर पडला, तर? डोळस मुलाला एसटीची पाटी जशी वाटेत भेटते, तसं त्याला ते भेटेल.

संगणक किंवा मोबाइल असलेल्या घरांसाठी 'सुगम्य पुस्तकालय' आहे. केंद्र सरकार आणि डेझी फोरम ऑफ इंडिया यांनी २४ ऑगस्ट २०१६ रोजी ते सुरू केलं. अनेक भाषांतली पुस्तकं तिथून उतरवून घेऊन ऐकता येतात. ब्रेल छापायची सोय असेल तिथे ब्रेलमध्येही काढता येतात. नोंदणीसाठी दिव्यांगत्वाचा दाखला लागतो आणि अर्ज भरावा लागतो. हा अर्ज भरून देणं, हेच वाचनालयाचं अर्धं काम! खेड्यातल्या आईला 'लॉग इन' कशाशी खातात हे ठाऊक नसतं. ग्रंथपालाला ते ठाऊक असतं, आणि नसलं तर तुमच्यासारख्या मुलांना नक्कीच असतं.

ब्रेल पुस्तकं आडवी रचू नका बरं का! वरच्या ओझ्याने खालची टिंबं दबतात आणि पुस्तक 'पुसलं' जातं. ती उभीच ठेवायची. शिवाय जागा जास्त लागते. छापील एका पानाची ब्रेलमध्ये दोन-तीन पानं होतात आणि कागदही जाड.

ज्यांना थोडं दिसतं

गावात ज्यांना 'आंधळा' म्हणून हाक मारतात (मारू नये, पण मारतात) त्यांतल्या सगळ्यांनाच काही काळाकुट्ट अंधार दिसत नसतो. पुष्कळांना थोडं दिसतं. कुणाला फक्त उजेड आणि सावली, कुणाला अगदी जवळचं, कुणाला मोठं असेल तर. अशा मुलांसाठी काळं ठळक स्केचपेन आणि पांढरा कागद एवढ्यावर वाचनालय काम सुरू करू शकतं. अक्षर मोठं, ओळी सुट्या, चित्राच्या मागे गर्दी नको. वाचायला खिडकीजवळची जागा द्यावी, पण उजेड डोळ्यांवर न येता मागून किंवा बाजूने यावा. पुस्तक टेकवायला एक तिरकी फळी असली की मुलाची मान मोडत नाही. एखादं चांगलं भिंगही असावं.

पालकांनो, एक लक्षात ठेवा. बाळ डोळ्याला डोळा देत नसेल, डोळ्यात पांढरी झाक दिसत असेल, किंवा ते वस्तू नाकाशी नेऊन पाहत असेल, तर थांबू नका, डॉक्टरांना दाखवा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं २०१३ पासून अंगणवाड्यांत वर्षातून दोनदा आणि शाळांत एकदा तपासणीला येतात. त्या दिवशी मुलाला घरी ठेवू नका. काही डोळ्यांचा दोष वेळेवर कळला तर बरा होतो, आणि तो बरा करायचा सोडून ब्रेल शिकवत बसण्यात शहाणपण नाही.

शनिवारची दुपार

दिल्लीच्या सार्वजनिक ग्रंथालयात (१९५१ साली युनेस्कोच्या मदतीने ते सुरू झालं) ब्रेल विभाग आहे. चेन्नईत २०१० साली उघडलेल्या अण्णा शताब्दी ग्रंथालयातही तो आहे. ही मोठ्या शहरांची मोठी ग्रंथालयं. पण त्यांच्यातही लहान बाळांचा विचार उशिराच होतो, आणि हे फक्त आपल्याकडेच आहे असं समजू नका. अमेरिकेने १९३१ साली अंधांना सरकारी खर्चाने पुस्तकं देण्याचा कायदा केला, पण तो 'प्रौढ' अंधांसाठी होता! 'प्रौढ' हा शब्द काढून मुलांना त्यात घ्यायला १९५२ साल उजाडलं. एकवीस वर्षं! तेवढ्यात त्या काळचं एक अंध बाळ स्वतःच प्रौढ झालं असेल.

म्हणून माझं म्हणणं असं, की गावच्या वाचनालयाने महिन्यातली एक शनिवारची दुपार राखून ठेवावी. तालुक्यात गट साधन केंद्रात विशेष शिक्षक असतात. त्यांना तारीख कळवली तर ते ब्रेलची पाटी घेऊन येऊ शकतील. अंगणवाडीताईंना गावातली कोणती मुलं नीट पाहू शकत नाहीत हे बरोबर ठाऊक असतं. आशाताईंनाही. पाच मैलांवरच्या दोन आया एका बाकावर बसून बोलल्या, की "तुमचं लेकरू चालायला कधी लागलं हो?" इथून सुरुवात होते, आणि दाखला कुठे मिळतो, एसटीची सवलत कशी घ्यायची, इथपर्यंत गाडी पोचते. आईला वाचता येत नसेल तरी काही अडत नाही. तिने पिशवीतल्या वस्तू घेऊन गोष्ट सांगावी. ग्रंथपालाने तिला एवढंच सांगावं, की "हे बघ", "ते तिकडे" असं म्हणायचं नाही. "तुझ्या उजव्या हाताशी वाटी आहे" असं म्हणायचं.

खर्चाचं म्हणाल, तर कोलकात्याचं राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठान १९७२ पासून देशातल्या सार्वजनिक ग्रंथालयांना मदत करतं. मुलांच्या आणि दिव्यांग वाचकांच्या विभागांसाठी काय मिळू शकतं, याची वाचनालयाच्या सचिवांनी जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्यांकडे चौकशी करावी. मात्र पुस्तकं आली की ती कुलपात जाऊ नयेत. ४ जानेवारीला ब्रेलच्या फोटोला हार घालायचा, कपाट उघडून छायाचित्र काढायचं आणि पुन्हा किल्ली सचिवांच्या खिशात, असा प्रकार मी पाहिला आहे. कापडी पुस्तक मळलं, फाटलं, त्याची लोंबी तुटली, तर समजावं की ते वाचलं गेलं. नवं शिवू!

त्या दुपारी मुलांनो, तुमचं काय काम? पुष्कळ आहे. कुणी पानं शिवा, कुणी वस्तू जमवा, कुणी सहा टिंबं शिका. ब्रेल डोळ्यांनी वाचायला तुम्हाला आठवडाही लागणार नाही. वाचनालयाच्या दारापासून कपाटापर्यंत वाटेत सायकली आणि चपला पडलेल्या असतील तर त्या उचला. आणि लहान पाहुणे आले की त्यांना ओढत नेऊ नका. आधी आपलं नाव सांगा, मग त्यांना तुमचा हात धरू द्या.

आता जाता जाता एक कोडं. पुढे चार खुणा आहेत. सगळी अक्षरं वर येऊन गेली आहेत.

२-३-४
३-४-५
१-२-३-५
२-३-४

हा आमच्या गोंदिया जिल्ह्याचा पाहुणा नाही, घरचाच आहे. माणसाएवढा उंच, अंगाने राखाडी, डोकं आणि मान लाल, आणि जोडीशिवाय क्वचितच दिसतो. धानाच्या बांधीत आणि तलावाकाठी त्याची हाक लांबवर ऐकू येते. ओळखलंत? मग उत्तर बोलू नका. अंड्यांच्या ट्रेचे चार तुकडे करा, त्यांत लिंबं मांडा आणि घरातल्या कुणालातरी डोळे मिटून ते वाचायला सांगा.